मनाचे आजार आणि आपली घरं

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत, इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या इंदुरात कुणी जरा वेडंवाकडं बोललं, की "ह्याला बाणगंगेला न्या रे" असं म्हणायची जुनी पद्धत आहे. पुण्याहून आलेल्या सुनेला ते कळत नाही, कारण तिच्या माहेरी येरवड्याला न्यायचं असतं. मुंबईकडचे ठाण्याचं नाव घेतात, आणि आग्रा तर साऱ्या हिंदी मुलखाने वाटून घेतलेला आहे. म्हणजे प्रत्येक शहराने वेडाचा एक पत्ता ठरवून ठेवला आहे. तो पत्ता गावाच्या टोकाला असला की बाकीचं गाव शहाणं, असा एक सोयीचा हिशेब.

आम्ही दोघं पती-पत्नी. आमच्यापैकी एक फॅमिली डॉक्टर आणि एक समुपदेशक. एकाच जिन्याने वर येणारी माणसं आमच्या दोन खोल्यांत विभागली जातात, आणि कित्येकदा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवावी लागतात. हा हिशेब चुकीचा आहे हे आम्ही रोज पाहतो. मनाचे आजार असलेल्या बहुतेकांना कुठेही दाखल व्हावं लागत नाही. ते नोकरी करतात, डबे भरतात, आरतीला उभे राहतात. आज या सभागृहातही आहेत.

हे आम्ही अंदाजाने बोलत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत घरोघरी जाऊन पाहणी केली. आपला मध्य प्रदेश त्यात होता, शेजारचा गुजरात होता. महाराष्ट्र मात्र नव्हता. त्या पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. दहात एक म्हणा. इथे दोनशे खुर्च्या आहेत, गुणाकार तुम्हीच करा. त्याहून वाईट आकडा पुढचा आहे. ज्यांना उपचारांची गरज होती पण ते मिळत नव्हते, असे लोक आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघाले. खेड्यात डॉक्टर नाही म्हणून उपचार नाही, हे समजू शकतं. पण इंदुरात? इथे मनोविकारतज्ज्ञाची पाटी दिसली की आपण रिक्षा पुढच्या चौकात थांबवायला सांगतो आणि मागे चालत येतो.

आता आजारांकडे वळू. या व्याख्यानात जी उदाहरणं येतील ती कुणा एका घरची नाहीत. अनेक घरं मिसळून सांगतो आहोत. कुणी कुणाला ओळखल्यासारखं वाटलं तर तो आजाराचा सारखेपणा समजावा.

सर्वांत जास्त दिसतं ते नैराश्य, आणि ते "मला उदास वाटतं" असं म्हणत कधी येत नाही. आपल्या बायका येतात त्या डोकं जड झालं, अंग दुखतं, जेवण जात नाही, पाय ओढत नाहीत, असं सांगत. पुरुषांचा ठरलेला शब्द गॅस. मराठी पुरुषाचं सारं दुःख पोटात जमा होतं आणि तो चूर्ण बदलत राहतो. याचा नीट अभ्यास गोव्यात झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली तिथे 'संगत' ही संस्था सुरू केली. त्यांना असं आढळलं, की अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, नैराश्याशी अधिक होता. बाई खोटं बोलत नसते. दुखणं खरंच असतं. फक्त ते सांगायला तिला शरीराचीच भाषा मिळालेली असते, कारण "मन लागत नाही" म्हटलं तर घरात कुणी दूध गरम करूनही देत नाही.

मग ओळखायचं कसं? एखाद-दोन दिवस खिन्न वाटणं हा आजार नव्हे. घरात मृत्यू झाला, पैसा बुडाला, तर दुःख होणारच. पण दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खाली असेल, पूर्वी ज्यात रस होता त्यात रस उरला नसेल, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, भूक गेली असेल, आपण सगळ्यांना ओझं झालो आहोत असं वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. इंदुरी माणसापुरती आमची एक घरगुती खूण आहे. ज्याने रविवारी सकाळचे पोहे-जलेबी आपणहून नाकारले आणि सराफ्यात जायचंही बंद केलं, त्याच्याकडे लक्ष ठेवा. विनोद सोडा, पण आवडीची गोष्ट सुटणं हे लक्षण खरोखरच पुस्तकातलं आहे.

इथे आपल्या समाजातल्या एका मोठ्या वर्गाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर, कुठल्याही मराठी वस्तीत संध्याकाळी फिरा. घरं मोठी, दिवा एकाच खोलीत. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, नाहीतर दोघंही न्यू जर्सीला. आजोबा गेले, आजी एकट्या. फोनवर रोज बोलणं होतं आणि आजी रोज "सगळं ठीक आहे" म्हणतात. मग दिवाळीला मुलगा येतो आणि त्याला दिसतं, की आई विसरायला लागली आहे, कपडे बदलत नाही, प्रश्नाला "माहीत नाही" एवढंच उत्तर देते. तो घाबरतो, स्मृतिभ्रंश झाला असं ठरवून मोकळा होतो. कधी कधी ते खरंही असतं. पण म्हातारपणातलं नैराश्य हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखं दिसू शकतं, आणि नैराश्य बरं होतं. थायरॉइड मंदावलं असेल किंवा शाकाहारी घरांत फार आढळणारी बी-१२ ची कमतरता असेल, तरी असंच चित्र दिसतं. म्हणून "आता वय झालं" हे निदान कुणीही, मुलानेसुद्धा, स्वतःच्या अधिकारात करू नये. एक रक्ततपासणी आणि एक भेट, एवढ्यावर कित्येक आज्या पुन्हा भजनी मंडळात आलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

गोव्याच्या त्या कामाचा आणखी एक धडा आपल्या उपयोगाचा आहे. त्यांनी डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशन करवून घेतलं, आणि त्याचा उपयोग होतो हे काटेकोर चाचण्यांनी दाखवलं. पद्धत अगदी साधी. नैराश्यात माणूस म्हणतो, "उत्साह आला की उठेन." तिथे उलटं शिकवतात: आधी उठा, उत्साह मागून येईल. पहिल्या दिवशी फक्त कुंड्यांना पाणी. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत चालणं. मग एका मैत्रिणीला फोन. सहा-आठ भेटींत आखलेला हा कार्यक्रम. यात "मन घट्ट कर" असा उपदेश कुठेही नाही. ज्याचा पाय मोडला आहे त्याला आपण पाय घट्ट कर म्हणत नाही.

दुसरा मोठा गट चिंतेच्या आजारांचा. त्यातला एक प्रकार एम.वाय. हॉस्पिटलच्या आणि खासगी इस्पितळांच्या तातडीच्या विभागात रोज रात्री दिसतो. अचानक छातीत धडधड, श्वास कोंडणं, हातापायांना मुंग्या, घाम, "आता मी मरणार" अशी खात्री. घरचे धावत नेतात, ईसीजी काढतात, तो सामान्य निघतो. डॉक्टर सांगतात "काही नाही, घरी जा." पण काही नाही कसं? झटका खरा होता. समोर वाघ आला तर शरीर पळण्यासाठी जी तयारी करतं, तीच सारी तयारी वाघ नसताना झाली. असा झटका सहसा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात ओसरतो. त्याने हृदय बंद पडत नाही. पहिल्यांदा असं झालं तर तपासणी करायलाच हवी, छातीतलं दुखणं कधीही अंगावर काढू नये. पण तिसऱ्या-चौथ्या वेळी ईसीजी पुन्हा सामान्य आला, तर पाचवा काढण्यापेक्षा योग्य खोलीचं दार ठोठवावं. नाहीतर माणूस हळूहळू लिफ्ट सोडतो, बस सोडतो, शेवटी घराबाहेर पडणंच सोडतो.

आणि आता ती छोटी पांढरी गोळी. आपल्या घरांत उशीखाली, पर्समध्ये, देव्हाऱ्याच्या खणातसुद्धा अल्प्राझोलामची पट्टी सापडते. कुणीतरी दहा वर्षांपूर्वी आठवडाभरासाठी लिहून दिलेली. ती ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चालूच आहे. लोक आम्हाला विचारतात, "मानसिक औषधांची सवय लागते ना?" नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं तसं व्यसन लागत नाही, आणि त्या घ्यायला लोक घाबरतात. ज्या झोपेच्या नि शांततेच्या गोळ्यांची खरोखर सवय लागते, त्या मात्र शेजारणीला उसन्या देतात! ती पट्टी एकदम बंदही करू नका, त्रास होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायची असते.

आता जरा नाजूक विषय. सोवळं-ओवळं. आमच्या दोघांच्याही आज्या कडक सोवळ्याच्या होत्या, त्यामुळे त्याची चेष्टा आम्ही करणार नाही. पण सोवळं आणि मंत्रचळ यांत फरक आहे. मंत्रचळ हा जुना मराठी शब्द आम्हाला आवडतो. सोवळ्याला नियम असतात आणि शेवट असतो; आंघोळ झाली, रेशमी नेसलं, नैवेद्य झाला, संपलं. ते पाळणाऱ्याला समाधान मिळतं. मंत्रचळात समाधान नाही. हात धुतले, पण नळाला हात लागला, म्हणून नळ धुतला, मग पुन्हा हात. दोन तास न्हाणीघर अडलेलं. एक दिवसाआड येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याची टाकी एकटी व्यक्ती रिकामी करते आणि तिचे हात सोलवटलेले असतात. ती स्वतः जाणते, की हे निरर्थक आहे, तरी थांबता येत नाही. घरचे "आमच्या काकू फार सोवळ्याच्या" म्हणून वीस वर्षं काढतात. कुणी मुलाच्या शाळेच्या दप्तरालाही आंघोळ घालू लागतं आणि घरचे भांडण नको म्हणून तेही करू देतात. इथेच चुकतं. घराने जितकं सांभाळून घेतलं तितका आजार पसरतो. यावर औषध आहे, आणि एक उपचारपद्धतही आहे: तज्ज्ञाच्या मदतीने, थोडं थोडं, हात न धुता ती अस्वस्थता सोसायची. ती अस्वस्थता आपोआप उतरते, हे शरीराला शिकवायचं. अवघड असतं, पण होतं.

गौरी-गणपतीत अंगात येण्याचा विषय निघतोच, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. इंदुरात ती सांगायला हवी. जॉन माल्कमने १८२३ साली छापलेल्या मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात मालेराव होळकरांची हकीकत दिली आहे. अहिल्याबाईंचा हा एकुलता एक मुलगा. आजोबा मल्हाररावांच्या मागे १७६६ साली गादीवर आला आणि वर्षभराच्या आत, १७६७ मध्ये, वारला. माल्कम लिहितो, की मालेरावाने संशयाने एका कशिदा काढणाऱ्या कारागिराला ठार केलं, तो निरपराध होता हे मागाहून कळलं, आणि पश्चात्तापाने मालेरावाचं मन पार बिघडलं. मेलेल्याच्या पिशाच्चाने झपाटलं असंच सगळे मानत. अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या बिछान्याशी बसून त्या पिशाच्चाची विनवणी करत होत्या: तुझं देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला जहागीर देते, माझ्या मुलाला सोड. उपयोग झाला नाही. पुढे यशवंतराव होळकरांचीही अखेरची वर्षं भानपुऱ्याला वेडातच गेली. १८११ साली ते वारले.

राजवाड्यात, सत्ता आणि पैसा असूनही, त्या काळी याहून वेगळं काही करता येत नव्हतं. अडीचशे वर्षांपूर्वीच्या आईने पिशाच्चाशी बोलणी केली यात तिला कमीपणा नाही. पण आज आपल्यातला एखादा इंजिनियर मुलाला आधी दोन वर्षं बालाजीच्या दरबारात आणि गंड्या-ताइतांत फिरवतो आणि मग आमच्याकडे येतो, तेव्हा वाईट वाटतं. देवाला जरूर जावं. पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही जावं. उजव्या हाताला ताईत असला तर डाव्या हातातून रक्त घेता येतं.

ज्या आजारांना लोक 'खरं वेड' म्हणतात, ते दोन. एक स्किझोफ्रेनिया: कानात आवाज येणं, कुणी तरी आपल्या मागावर आहे अशी पक्की खात्री, हळूहळू माणसांतून उठणं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना अधिक सांगायला नको. ज्यांनी नाही त्यांनी पाहावा. दुसरा बायपोलर: कधी महिनोन्‌महिने खोल उदासी, तर कधी झोपेशिवाय चार-चार दिवस उत्साहाचा पूर, वारेमाप खर्च, मोठमोठ्या योजना. दोन्ही बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात, नेमके शिक्षण, नोकरी आणि लग्नाच्या वेळी.

लग्न म्हटलं की खरी गाठ येते. आपला समाज इथे लहान आहे. प्रत्येक स्थळाची चौकशी तीन घरांत पोचते. म्हणून लपवायचं. मग काय होतं ते ऐका. मुलीला बायपोलर आहे, चार वर्षं गोळ्यांवर उत्तम आहे, नोकरी करते आहे. लग्न ठरतं. आई सांगते, "सासरी गोळ्या दिसता कामा नयेत." लग्नाच्या धावपळीत चार रात्री जागरण, डबीवरचं लेबल खरवडलेलं, मग एक दिवस गोळी चुकते, मग आठवडा. या आजाराला जागरण आणि औषध सुटणं यांच्याइतकं वाईट काही नाही. मंगळागौरीच्या आत मुलगी पुन्हा आजारी पडते, सासरचे म्हणतात "फसवलं", आणि ते अगदीच खोटंही नसतं. अशी लपवाछपवी कोर्टात लग्न रद्द करण्याचं कारण ठरू शकते, हेही लक्षात असू द्या. आमचं मत स्पष्ट आहे. पहिल्याच चहा-पोह्यांना जाहीर करायची गरज नाही. पण दोन्हीकडून होकाराची बोलणी सुरू झाली, की साखरपुड्याच्या आधी, मुलामुलीने एकमेकांना आणि मग वडिलधाऱ्यांनी एकमेकांना सांगावं; हवं तर डॉक्टरांना एकत्र भेटावं. चार स्थळं जातील. पाचवं टिकेल ते जाणून घेऊन टिकेल. आणि मुलाच्या आईवडिलांना एक विनंती: "लग्न करून द्या, आपोआप सुधारेल" हा उपचार नाही. परक्याच्या मुलीला औषधाची बाटली समजू नका.

औषधांबद्दल एक गैरसमज असतो, की ही सारी विलायती विषं. सर्पगंधा आपलीच. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी रक्तदाब आणि उन्माद या दोन्हींवर तिचा उपयोग होतो असं लिहिलं, आणि पुढे तिच्यातून काढलेलं रेसर्पिन हे मनोविकारांवरच्या पहिल्या आधुनिक औषधांपैकी एक ठरलं. आज त्याहून चांगली औषधं आहेत. नैराश्यावरच्या गोळ्यांना गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी बेचैनी होऊ शकते. नेमकं तेव्हाच लोक "सोसत नाही" म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही सहसा सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं. नेमकं तेव्हाही सोडतात.

बाळंतिणीबद्दल थोडक्यात. पहिल्या आठवड्यात रडू येणं सामान्य. पण दोन आठवड्यांनंतरही तीच स्थिती असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि बाळंतीण झोपेनाशी झाली, बाळाबद्दल भलतंसलतं बोलू लागली, तर त्याच दिवशी न्या, सव्वा महिना होण्याची वाट पाहू नका.

शेवटचा विषय टाळता येत नाही. भंवरकुआंच्या क्लासांत आणि खोल्यांत बाहेरगावची हजारो मुलं राहतात. त्यांत आपली, खांडव्याची, बऱ्हाणपूरची, जळगावचीही असतात. जगणं नको झालं आहे असा विचार मुलाच्या मनात आहे का, हे त्याला सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणी विचारलं याचाच आधार वाटतो. "तुला इतकं असह्य होतं का, की जीव द्यावासा वाटतो?" असं, याच शब्दांत. उत्तर हो आलं तर भाषण देऊ नये, एकटं सोडू नये, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात टाकावी, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट. हा क्रमांक आत्ताच फोनमध्ये घालून ठेवा; आम्ही थांबतो.

घातला? बरं. कायद्याचंही एक वाक्य. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं. तेव्हा पोलिसांच्या भीतीने कुणी इस्पितळात न्यायला उशीर करू नये. त्याच कायद्याने आरोग्य विम्यात मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांप्रमाणेच वागवायला सांगितलं आहे. आपली पॉलिसी काढून वाचा. एजंट आपणहून सांगत नाही.

आता प्रश्नोत्तरं. हात वर करून कुणी विचारणार नाही हे आम्हाला माहीत आहे, म्हणून प्रसादाच्या टेबलाजवळ एक डबा ठेवला आहे. चिठ्ठीवर नाव लिहू नका, "माझ्या एका मैत्रिणीला" असंही लिहायची गरज नाही. उत्तरं उद्या संध्याकाळच्या आरतीनंतर इथेच देऊ. आणि ज्यांना चिठ्ठीही नको, त्यांच्यासाठी विसर्जनापर्यंत रोज सकाळी दहा ते बारा आम्ही दोघं मागच्या वाचनालयाच्या खोलीत बसणार आहोत. तिथे वर्तमानपत्रं वाचायलाही लोक येतात, त्यामुळे कोण कशासाठी आलं हे कुणाला कळत नाही.